रान नाही म्हणा, मावशी

या अंकाच्या संपादकांनी पत्रातून कळवलं आहे की, पुरुषांच्या धंद्यात एका स्त्रीनं दाखवलेल्या धडाडीबद्दल मी चार पानं लिहावीत. धडाडी वगैरे काही नव्हतं. कोरेगावात स्टेशनच्या रस्त्यावर आमच्या यजमानांची लाकडाची वखार होती. ते विषमज्वरानं गेले. धाकटे दीर वखारीची किल्ली मागायला आले तेव्हा ती माझ्या कमरेला होती, आणि मी ती काढून दिली नाही. एवढंच घडलं. त्यानंतर मी लाकूड विकलं, कोळसा विकला आणि उरलेला वेळ कचेऱ्यांच्या व्हरांड्यांत बसून काढला. त्या व्हरांड्यांबद्दल लिहिते. धडाडीबद्दल दुसऱ्या कुणाला तरी विचारावं.

लाकडाचा धंदा म्हणजे झाडं तोडणं, अशी बाहेरच्या माणसाची समजूत असते. झाड तोडायला दोन माणसं आणि एक कुऱ्हाड पुरते. बाकीचा सगळा धंदा परवानगीचा. जंगल दोन तऱ्हेचं असतं, सरकारी आणि मालकी. सरकारी जंगलाच्या हद्दीला दगड पुरलेले असतात, त्याच्या तोडीचा लिलाव होतो, आणि तिथं काय चालतं ते मी लिहीत नाही, कारण मला अजून या तालुक्यात राहायचं आहे. मालकी जंगल म्हणजे खासगी माणसाच्या सर्व्हे नंबरातली झाडी. जमीन मालकाची, सारा मालक भरतो, पण त्यातला साग, चंदन, शिसव पुष्कळदा सरकारचा. तोडायचं म्हटलं की अर्ज करायचा. अर्ज मामलेदाराकडे जातो, मामलेदार तो तलाठ्याकडे पाठवतो, तलाठी तो उशाखाली घेऊन झोपतो. मग कधीतरी फॉरेस्टर येतो, झाडं मोजतो आणि बुंध्यावर हातोड्यानं शिक्का उठवतो. तोड झाली की ओंडक्यावर पुन्हा शिक्का. गाडी रस्त्याला लागायची तर पास. लाकूड कुठून निघालं, कुठं चाललं, केव्हा पोचणार हे त्यावर लिहिलेलं. वाटेत बैल बसला तर पास शिळा होतो आणि माल चोरीचा ठरतो. बैलाला वाचता येत नाही, हा आमचा गुन्हा.

त्यातून आमचा मुलूख तेव्हा ठिगळांचा. चार कोस गेलं की संस्थानाची हद्द लागायची आणि ओढा ओलांडला की कायदा बदलायचा. एका शेतकऱ्याच्या आंब्याचा बुंधा ओढ्याच्या अलीकडे, इंग्रजी मुलखात, आणि फांद्या पलीकडे संस्थानात पसरलेल्या. फांद्या त्यानं संस्थानच्या हवेत छाटल्या. तिकडे कुणी हूं की चूं केलं नाही. पण त्या पडल्या अलीकडे, आणि विनापरवाना माल बाळगल्याबद्दल त्याला इकडे कचेरीत उभं केलं. फांदी पडताना हद्दीचा विचार करत नाही, असं तो म्हणाला. ते कुणी लिहून घेतलं नाही.

मग युद्ध आलं. पेट्रोल मिळेना, म्हणून मोटारींच्या मागं कोळशाच्या भट्ट्या बसवल्या. कोळशाच्या धुरावर मोटार चालायची, आणि चढ लागला की उतारूंनी खाली उतरून ती ढकलायची. सातारा ते कोरेगाव मी जितकी मोटारीत बसून गेले, तितकीच तिच्या मागून चालत गेले. त्या मोटारींनी डोंगरच्या डोंगर खाल्ले. लष्कराला लाकूड हवं होतं, शहराला कोळसा हवा होता, आणि ज्याच्याकडे म्हणून टेकडी होती तो ती भादरून मोकळा झाला. त्या सगळ्या काळात जंगलाची आठवण कुणालाही झाली नाही. पास मागितला की मिळायचा, हसतमुखानं मिळायचा.

युद्ध संपलं, देश स्वतंत्र झाला, आणि सरकारला एकदम जंगलाबद्दल पान्हा फुटला. मालकी जंगलंही वाचली पाहिजेत, डोंगरावरची माती खाली येते, झरे आटतात, असं सांगणारी माणसं आली. त्यांचं म्हणणं खरं होतं. खरं बोलायला थोडे आधी आले असते तर वाचवायला काही उरलं असतं, इतकंच. जंगल कायद्याच्या पस्तिसाव्या कलमाखाली नोटिसा निघू लागल्या. अशी नोटीस आली की आमच्याकडे ‘पस्तीस लागली’ म्हणायचे, जसं साडेसाती लागली म्हणतात. पस्तीस लागली की त्या नंबरात झाड तोडायचं नाही, जमीन फोडायची नाही, गुरं घालायची नाहीत. हरकत असेल तर सुनावणीला येऊन सांगायची. सुनावणी होईपर्यंत हात बांधून बसायचं.

ही पस्तीस कोंडाबाईला लागली.

कोंडाबाई रहिमतपूरच्या अलीकडच्या एका गावची, डोंगराच्या पायथ्याला राहणारी. नवरा तरणाताठा असतानाच गेलेला. एकुलता मुलगा नामदेव लढाई सुरू झाल्यावर, नुकतं लग्न झालेलं असताना, पलटणीत भरती झाला. गावाजवळ वीतभर मळा होता, त्यावर तिचं पोट चालायचं. पण घराण्याची खरी जमीन म्हणजे डोंगराकडचा मोठा नंबर. खालच्या अंगाला ती बाजरी, मटकी पेरायची. वरचं अंग घरात नांगर धरायला माणूस नाही म्हणून पडीक राहिलं, आणि पडीकात बाभळी माजल्या. नामदेवाची पलटणीतून सुटका होऊन तो घरी येणार असं पत्र आलं, तशी ती डोक्यावर शेंगांचं गाठोडं घेऊन वखारीत आली.

“बाई, बाभळी काढून न्या,” ती म्हणाली. “पोरगं यायच्या आत रान मोकळं करून द्या. आल्या आल्या औत धरंल.”

बाभूळ चांगला माल. जाडजूड असली तर गाडीच्या चाकाला, नाहीतर कोळशाला. मी तिच्या नावे तोडीचा अर्ज टाकला आणि फॉरेस्टरच्या मागं लागून त्याला सायकलीवरून तिकडे नेलं. मी गाडीतून गेले. हा फॉरेस्टर ठाणे जिल्ह्याकडचा, नुकताच बदलून आलेला, पोरसवदा. डोक्यावर टोपी अशी घातलेली की बांधावरच्या बोरीला ती पाचदा अडकली. मी वरच्या अंगाला बाभळी बघत हिंडत होते. त्यानं खाली उभ्या उभ्या कोंडाबाईचा जबाब घेतला. दोघांचं बोलणं मला ऐकू येत होतं.

“हे काय आहे?” त्यानं हात फिरवून विचारलं.

“रान हाय.”

“कुणाचं?”

“कुनाचं म्हंजी? आमचं. आजेसासऱ्यापास्नं आमच्याकडंच हाय.”

“म्हणजे पूर्वीपासून रानच आहे?”

“व्हय की. रान न्हाई तर काय दर्या हाय?”

त्यानं लिहून घेतलं, वाचून दाखवलं, अंगठा घेतला. मला ऐकताना काही खटकलं नाही. खटकायचं कारणही नव्हतं. सातारा-सांगलीकडे शेतकरी शेतात जात नाही, रानात जातो. रानात पेरतो, रानात खुरपतो, रानात भाकरी खातो. रान विकत घेतो आणि रानावरून डोकी फोडतो. ठाण्याकडे रान म्हणजे जंगल, वाघ असलेलं. हे मला माहीत होतं. पण त्याला आमचं माहीत नसेल, असं मनात आलं नाही. ज्याला सातारा जिल्ह्यात जमिनी बघत हिंडायला पगार मिळतो, त्याला जमिनीला काय म्हणतात ते ठाऊक असेल असं मी धरून चालले.

तोडीच्या परवानगीऐवजी पस्तीसची नोटीस आली. सोबत जबाबाची नक्कल होती. तीत लिहिलं होतं, ‘सदर नंबर पूर्वापार रान असल्याचे मालक स्वतः कबूल करतात.’ पडीक आणि पेरता, सगळा नंबर एका ओळीत जंगल झाला. अक्षयतृतीया उलटून गेली होती. पेरणी तोंडावर होती.

मी फॉरेस्टरला गाठलं आणि रानाचा अर्थ सांगितला. त्यानं ऐकून घेतलं, पोर वाईट नव्हतं, पण म्हणाला की जबाब वर गेला, आता सुनावणीत काय ते होईल. वर गेलेली गोष्ट खाली येत नाही हे त्याला नोकरीच्या पहिल्याच वर्षात कळलं होतं.

सुनावणीत काय बोलावं हे विचारायला मी नानासाहेबांकडे गेले. नानासाहेब साताऱ्यातले वकील, आणि वाईकडच्या एका आख्ख्या डोंगराचे मालक. त्यांच्या डोंगरावर हिरडा, जांभूळ, अंजन अशी दाट झाडी होती, आत शिरलं तर दुपारी अंधारून यायचं. त्याला मात्र नोटीस नव्हती. ते जेवून पान जुळवीत बसले होते. मी सगळं सांगितल्यावर खूष झाले.

“कायदा वाचलात का, आक्का?” ते म्हणाले. “पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा. जंगल कशाला म्हणायचं हे त्यात लिहिलेलंच नाही. ज्याला जंगल म्हणतील ते जंगल. मग आपण कशाला म्हणायचं?”

त्यांच्याकडेही एक फॉरेस्टर आला होता. त्यांनी त्याला दिवाणखान्यात बसवून पुरणपोळी वाढली आणि गवताचं कुरण आहे असं लिहून दिलं. डोंगर चढायला ऊन फार होतं. कागदावर तो डोंगर गवताचा झाला. त्या गवताचा सौदा करायलाच मी तिथं गेले होते, हे सांगून टाकते. हिरड्या-जांभळाचा तो माल मी घेतला. मी घेतला नसता तर कराडच्या वखारीनं घेतला असता, आणि त्यांची तोड आमच्यापेक्षा घाणेरडी.

नानासाहेबांचा सल्ला साधा होता. म्हातारीनं सुनावणी घेणाऱ्या प्रांतासमोर एकच वाक्य बोलायचं, हे रान नाही. पुढचं साहेबांनी बघून घ्यावं.

मी गाडी जुंपून कोंडाबाईकडे गेले. तिला ओसरीवर बसवलं, आणि लहान पोराला पाढे घोकवावेत तसं घोकवायला लागले. म्हटलं, “रान नाही म्हणा, मावशी. शेत म्हणा, जमीन म्हणा. रान एवढं म्हणू नका.”

तिनं तोंडावर पदर धरला आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिचं घर मागते आहे.

“रान न्हाई म्हनू?” ती म्हणाली. “बाई, ह्यो बोल माझ्या दिराचा हाय. मालक गेल्यावर त्यो चावडीत उभा ऱ्हाऊन हेच म्हनला हुता, हिला रान न्हाई. सात वरसं भांडले मी त्या बोलापायी. आन् आता माझ्याच तोंडानं म्हनू?”

मी समजावलं. साहेबाच्या भाषेत रान म्हणजे झाडी, असं दहा वेळा सांगितलं. ती मान डोलवत होती. “साहेबाच्या भाषंत आसंल,” म्हणाली, “पर ऐकणार कोन? भावकी ऐकणार.” मला तेव्हा राग आला. हट्टी माणसांना कायदा समजावणं आणि ओल्या लाकडाला काडी लावणं सारखंच. पण घोकता घोकता शेवटी ती “शेत हाय, साहेब” असं म्हणायला लागली, आणि मी परतले.

सुनावणी कोरेगावच्या सरकारी बंगल्यात झाली. नामदेव आदल्या आठवड्यात घरी आला होता. खाकी कपडे, पट्टा चकचकीत, आईच्या मागं ताठ उभा. व्हरांड्यात बरीच गावकरी मंडळी गंमत बघायला आली होती, आणि खांबाला टेकून तिचा दीर बसला होता. त्याचं तिथं काही काम नव्हतं. दुसऱ्याच्या सुनावणीला जाऊन बसणं हा आमच्याकडचा मोठा विरंगुळा आहे.

प्रांतसाहेब शांत गृहस्थ होते. त्यांनी नक्कल वाचली, नोटीस वाचली आणि चष्म्यावरून विचारलं, “बाई, हे रान नाही असं तुमचं म्हणणं आहे ना?”

प्रश्न इतका सोपा होता की नुसतं ‘व्हय’ म्हटलं तरी भागलं असतं. मी कोंडाबाईकडे पाहिलं. कोंडाबाई व्हरांड्यातल्या खांबाकडे बघत होती. दीर कान देऊन ऐकत होता.

“न्हाई कसं?” ती म्हणाली, आणि ते व्हरांड्याच्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “रान हाय. माझंच हाय. माझ्यामागं माझ्या पोराचं हाय.”

कारकुनानं लिहिलं. मी उठून उभी राहिले आणि आमच्याकडे शेताला रान म्हणतात हे सांगायला लागले. खालच्या अंगाला दरसाल बाजरी होते, तलाठ्याकडे पिकाची नोंद आहे, ती मागवावी, असंही म्हणाले. साहेबांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, “आपण कोण?”

“वखारवाली. बाभळी मी घेणार आहे.”

साहेब हसले. कारकूनही हसला. जंगल तोडायला टपलेली बाई हे जंगल नाही म्हणून सांगते, यात त्यांना सगळा खुलासा मिळाला. मी खाली बसले. माझ्या धंद्यानं माझी साक्ष खाल्ली. त्यांच्या जागी मी असते तर मीही हसले असते. साहेबांनी हुकूम दिला की जागेची पाहणी करून निकाल देण्यात येईल, आणि तोवर जसं आहे तसं ठेवावं. दीर उठला, धोतर झटकलं आणि म्हणाला, “वयनी, मोप रान मिळालं की तुला.”

पाहणी पुढच्या महिन्यात होणार होती. मी रोख सांगितलं की ‘जसं आहे तसं’ म्हणजे खालच्या अंगाला पेरणी चालू होती तशी चालू ठेवा, कुणी विचारलं तर मी बघते. कोंडाबाईचा विचार तोच होता. तिनं शेजाऱ्याचे बैलही सांगून ठेवले. अडला तो नामदेव.

“आर्डर हाय, आई,” तो म्हणाला.

“आर्डर?” ती उसळली. “जर्मनाला भ्याला न्हाईस आन् त्या सायकलवाल्याला भितूस व्हय रं?”

“भ्यालो न्हाई. हुकूम मोडायचा नसतो.”

लष्करानं या माणसाला इतकी वर्षं पोसलं ते हुकूम आला की पुढं जाण्यासाठी. घरी आल्यावर हुकूम आला की थांबणं तो आपणहून शिकला. मी त्याला नानासाहेबांची गोष्ट सांगितली, त्यांचा गवताचा डोंगर कसा वखारीत येऊन पडला आहे तो दाखवला. तो म्हणाला, “ते वकील हाईत, आक्का. मी शिपाई हाय.”  तो पाहणीची वाट बघत राहिला. पुढचा महिना आला आणि गेला. प्रांत बदलले. पेरणी टळली. दिवाळीनंतर नामदेव फलटणकडच्या साखर कारखान्यात पहारेकरी म्हणून लागला आणि बायकोला घेऊन तिकडेच गेला. दुसऱ्याच्या फाटकावर उभं राहून त्यानं हुकूम पाळला.

कोंडाबाई मळ्यावर राहिली, आणि पोरानं बजावलं म्हणून तिनं त्या नंबरात औत घातलं नाही. मी रहिमतपूरला जाता-येता तिला भेटायची, कचेरीत आठवण द्यायची, आणि कचेरी म्हणायची की फाईल पाहणीसाठी ठेवली आहे. दोन पावसाळे गेले. वरच्या बाभळी हात हात जाड झाल्या. त्यांच्या शेंगा खाली गळल्या, शेळ्यांनी खाल्ल्या, लेंड्यांतून पेरल्या, आणि खालच्या अंगाला बाजरीच्या जागी बाभळीची रोपं उठली. बोरी बांधावरून उतरल्या. घाणेरीनं उरलेलं भरून काढलं. तिकडे नानासाहेबांच्या डोंगरावर एक वर्ष नाचणी आली, दुसऱ्या वर्षी पावसानं माती खालच्या ओढ्यात नेली. तो अजून कागदावर कुरण आहे. गवत नाही, पण कुरण आहे.

मग एके दिवशी खरोखरच पाहणी आली. नवे साहेब, नवा कारकून, सोबत दुसराच फॉरेस्टर. मीही गेले, बाभळींसाठी तिच्या नावे टाकलेला अर्ज कायद्यानं अजून जिवंत होता. साहेब जाणते होते, बूट चिखलात घालायला डरणारे नव्हते. ते आत शिरले, काट्यांनी बाही फाडून घेतली, एका बाभळीच्या बुंध्याला कवेत धरून पाहिलं आणि बाहेर येऊन म्हणाले, “उत्तम वाढ आहे. हे कुणी शेत म्हणून सांगितलं?”

 मी बोलणार होते, पण तिथं उभं राहून, त्या झाडीकडे पाठ करून, हे शेत आहे म्हणणं मलाही जमेना. साहेबांनी जे पाहिलं ते खरं होतं. त्यांनी कोंडाबाईला जवळ बोलावलं. रीतीप्रमाणे मालकाला विचारायचं असतं.

“बाई, रान आहे ना हे?”

कोंडाबाई बांधावर उभी होती. बांध दिसत नव्हता, पण तो कुठं आहे हे तिला पायानं माहीत होतं. तिनं बाभळींकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. या खेपेला तिला कुणी घोकवलं नव्हतं, आणि ऐकायला दीरही नव्हता.

“न्हाई, साहेब,” ती म्हणाली. “रान न्हाई. रान हुतं तवा तुमी आला न्हाईसा. आता ह्येचं जंगल झालं.”

साहेबांनी कारकुनाकडे पाहून मान हलवली. कारकुनानं मांडीवर कागद ठेवून लिहिलं, ‘सदर नंबर जंगल असल्याचे मालक स्वतः कबूल करतात,’ आणि शाईची डबी पुढं केली. कोंडाबाईनं अंगठा दिला, आणि जवळच्या बाभळीच्या खोडाला तो पुसून ती घराकडे चालू लागली.